शाळा सुटली, आई अजून शेतात

सूनबाई, ग्रामपंचायतीत निवडून आलीस आणि पहिल्याच मासिक सभेत लेकरांसाठी काहीतरी करू या म्हणालीस, हे कानावर आलं तेव्हा फार बरं वाटलं. गटार, पथदिवे, पाण्याची टाकी यांच्या यादीत पोरांचं नाव क्वचितच लागतं. पण सभेत पुढे बोलणं कुठे गेलं तेही समजलं. बाग करायची, कमान उभारायची, पेव्हर ब्लॉक टाकायचे, घसरगुंडी आणि ओपन जिम बसवायची. एवढ्यासाठीच तुला मुद्दाम बोलावून घेतलं. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि शाळा सुटल्यावर पोरं कुठे जातात हे निवृत्तीनंतरही बघत राहिलो. त्यातून जे उमगलं ते तुझ्या पदरात टाकतो. पहिलं आणि सगळ्यांत मोठं हेच: आधी माणूस नेम, मग जागा नीट कर, वस्तू शेवटी घे.

रोज ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी, प्रत्येक पोराला नावानं ओळखणारं एक मोठं माणूस हजर असेल तर उघड्या माळावरही मुलं जमतात. तसं माणूस नसेल तर झोक्याची साखळी तुटते, घसरगुंडीचा पत्रा उचकटतो आणि संध्याकाळी तिथं मोठी माणसं पत्ते कुटत बसतात. लहान पोरं आपोआप लांब होतात, पोरी तर आधीच.

हे मी एकटाच म्हणतो असं समजू नकोस. अमेरिकेतल्या शहरांत आज पालिकेचा उद्यान आणि क्रीडा विभाग शाळा सुटल्यानंतरचे वर्ग चालवतो. त्या सगळ्या पसाऱ्याची सुरुवात वाळूच्या ढिगापासून झाली. बर्लिनच्या बागांमध्ये गरिबांची मुलं वाळूत खेळताना मारी झाक्रझेव्स्का नावाच्या डॉक्टरबाईंनी पाहिली, त्यांनी बोस्टनला पत्र लिहिलं आणि 1885 साली तिथल्या दाट वस्तीतल्या एका प्रार्थनागृहाच्या अंगणात वाळू ओतली गेली. वाळूजवळ आधी वस्तीतल्याच बायका हौसेनं बसत. मग पगारी बायका नेमल्या आणि पुढे बालशिक्षणाचं शिक्षण घेतलेल्या. वाळू तीच राहिली, वाळूशेजारी बसणाऱ्या बाईची तयारी वाढत गेली.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. सारसबागेजवळ गरवारे बालभवन आहे. जागा महापालिकेची, आधार गरवारे यांच्या देणगीचा आणि जीव ओतला तो शोभा भागवत यांनी. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात ते सुरू झालं. शाळेतून आलेली मुलं तिथं माती मळतात, चित्रं काढतात, नाटक बसवतात, नुसती पळतातही. तिथं सगळा भर मुलांसोबत राहणाऱ्या ताईवर. ताईनं मुलांशी कसं बोलावं, कधी मध्ये पडावं, कधी गप्प राहावं याचं शिक्षण आधी. पुण्याएवढा पैसा आपल्या कोल्हारकडे नाही, पण ताईला बोलायला शिकवायला पैसा किती लागतो?

आता तुझ्या हातात काय आहे ते सांगतो, कारण सभेत कुणीतरी उठून म्हणेलच की शाळा सुटल्यावर मुलांसाठी असं केंद्र चालवणं हे ग्रामपंचायतीचं काम नाही. काम आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाला जोडलेली ग्रामसूची ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून मागून घे आणि स्वतः वाच. आखाडे, खेळाच्या आणि करमणुकीच्या जागा, ग्रंथालयं, वाचनालयं हे सगळं ग्रामपंचायतीच्या कामांत लिहिलेलं आहे. गावाच्या विकास आराखड्यासाठी ज्या नऊ संकल्पना केंद्र सरकारनं दिल्या आहेत त्यांत ‘बालस्नेही गाव’ ही एक आहे. ठरावात तेच शब्द वापर, म्हणजे वरच्या कार्यालयात अडायचं नाही.

पैशाचं मात्र नीट ध्यानात घे, इथं नवे सदस्य अडखळतात. वित्त आयोगाचा अबंधित निधी पगारासाठी किंवा आस्थापनेवर खर्चता येत नाही. त्यातून मैदान सपाट होईल, कुंपण होईल, स्वच्छतागृह होईल, ताईचं मानधन होणार नाही. मानधन काढायचं ते ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून. घरपट्टी, गाळेभाडं, बाजारकर. त्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करणं बंधनकारक आहे. ही रक्कम पुष्कळ ठिकाणी मार्चअखेरीला घाईनं काहीतरी खरेदी करून संपवली जाते. ती वर्षाच्या सुरुवातीलाच या कामासाठी बांधून ठेव. आपलं गाव नगर-मनमाड रस्त्यावरचं, बाजारपेठेचं. लहान वाडीपेक्षा आपलं उत्पन्न बरं.

हिशेब कागदावर मांडून ने. दोन ताया, प्रत्येकी महिना चार हजार, दहा महिने, झाले ऐंशी हजार. चाळीस मुलांना रोज पाच रुपयांचा खाऊ, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे महिन्याला चार हजार चारशे आणि दहा महिन्यांचे चव्वेचाळीस हजार. दोऱ्या, चेंडू, सतरंज्या, कागद, रंग आणि औषधाची पेटी धरून वरखर्च. दीड लाखाच्या आत एक केंद्र वर्षभर चालतं. सभेत हा आकडा ओपन जिमच्या दरपत्रकाशेजारी ठेव आणि लोकांना बघू दे.

वेळेचं आता. हे कुणी सांगत नाही, पण बरीच केंद्रं वेळेपायी बंद पडतात. शाळा पाचला सुटते. आई खुरपणीला नाहीतर कांदे लावायला गेलेली असते, ती घरी येईपर्यंत सहा-साडेसहा. जूनमध्ये सात वाजून गेले तरी उजेड असतो. नोव्हेंबरच्या शेवटाला मात्र पावणेसहाच्या सुमारास दिवस मावळतो. वर्षभर एकच वेळ ठेवलीस तर थंडीत पोरं अंधारात घरी जातील आणि आया पाठवायचं बंद करतील. त्यांचं चुकत नाही. आपल्या प्रवरेच्या पट्ट्यात ऊस म्हणजे बिबट्याचं घर झालंय आणि ऊसतोड सुरू झाली की तो बाहेर पडतो. त्यात जीव गेलेत. म्हणून वेळ सूर्याप्रमाणे बदल. उन्हाळा-पावसाळ्यात साडेसहापर्यंत, दिवाळीनंतर साडेपाचला सगळं आवरलेलं. थंडीत वेळ कमी पडते म्हणून शनिवारी, शाळा सकाळची असते तेव्हा, दुपारी उशिरा मोठी बैठक घे. घरी जाताना पोरं एकेकटी सुटू देऊ नकोस. वस्तीवार टोळ्या कर, प्रत्येक टोळीत सातवी-आठवीतलं एक पोर मोठं. रस्ता उसाच्या कडेनं जात असेल तर गाणी म्हणत, मोठ्यानं बोलत जायचं. हे वनखात्याचे लोकही सांगतात.

पाण्याचंही तसंच. भंडारदरा धरणाचं आवर्तन सुटलं की पाट एका रात्रीत भरतात. शेततळ्यांना प्लास्टिकचा कागद असतो, त्यावरून घसरलेलं पोर वर चढू शकत नाही. शाळा सुटल्यावर मोकळी पोरं पाण्याकडे जातात, पूर्वीपासून जातात. केंद्र चालू असतं तेवढ्या वेळात ती पाण्यावर नाहीत, एवढं जरी झालं तरी माझ्या मते ग्रामपंचायतीचे पैसे वसूल. आवर्तनाच्या तारखा पाटबंधारे खात्याकडून कळल्या की ताईनं त्या दिवशी मुलांना सांगायच्या. प्रत्येक शेततळ्याला कुंपण आणि आत सोडलेली गाठींची दोरी हवी, हा ठराव तू वेगळा मांड.

जागा शोधताना नवी बांधायच्या मागे लागू नकोस. शाळेचं आवार संध्याकाळी रिकामं असतं. तिथं पाणी आहे, संडास आहे, पोरांच्या पायाखालची वाट आहे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घे, मुख्याध्यापकांची लेखी संमती घे आणि किल्ली कुणाकडे, झाडलोट कोण करणार, काही मोडलं तर भरून कोण देणार हे त्याच कागदावर लिही. किल्लीवरून जितकी भांडणं होतात तितकी पैशावरूनही होत नाहीत. दुसरं असं की हमरस्ता ओलांडून एकाही लहान पोराला यायला लावायचं नाही. साईबाबांच्या गाड्या, मालट्रक, हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगाला दोन लहान केंद्रं चालतील, मधोमध एक मोठं नको. कोल्हार आणि भगवतीपूर या ग्रामपंचायती दोन असतील, पोरं तर एकाच मैदानावर खेळतात. तिकडच्या सदस्यांशी आधी बोल. खर्च वाटून घेतला तर दोघांनाही हलका होईल. मळ्यातल्या वस्त्या लांब आहेत, तिथं आठवड्यातून दोनदा ताई जाईल, देवळाचा ओटा पुरतो.

ताई कोण असावी? पदवी बघू नकोस. बचत गटातली, बारावीपर्यंत शिकलेली, आवाज न चढवता दहा पोरांना गोळा करू शकणारी बाई शोध. तिला आधी आठ दिवस नुसतं मुलांमध्ये बसव आणि बघ, पोरं तिच्याजवळ सरकतात की लांब होतात. एवढी परीक्षा पुरते. जोडीला एखादा खेळाडू पोरगा हवा, कबड्डी-खोखो खेळलेला. पण एकटा पुरुष नको, एकटी बाईही नको. मोठी माणसं कायम दोन. मूल आणि मोठं माणूस बंद खोलीत एकटे नकोत, हा नियम कितीही विश्वासाचं माणूस असलं तरी पाळायचा. गावात बाल संरक्षण समिती असते, अध्यक्ष सरपंच आणि सचिव अंगणवाडीताई. ती कागदावरच असेल तर तिची बैठक लाव आणि केंद्राची देखरेख तिच्याकडे दे. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घे, पोरांच्या उंचीवर.

मानधन महिन्याच्या महिन्याला दे. मार्चला एकदम देऊ म्हटलं की ताई दिवाळीपर्यंत टिकते, नंतर कांद्याच्या मजुरीला जाते. तिला पोट आहे. आणि तिच्यावर सर्वेक्षणं, पत्रकं वाटणं, मोर्चाला बायका जमवणं असली कामं टाकू नको. तिच्या त्या वेळेवर मुलांशिवाय कुणाचा हक्क नाही.

पोरं आली की आधी खायला दे. शाळेतलं जेवण दुपारचं असतं, पाचला पोट रिकामं. भुकेलं पोर भांडतं, रडतं, एका जागी बसत नाही आणि आपण म्हणतो पोरं फार वांड आहेत. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, फुटाणे, उकडलेली मटकी, केळं. आपल्या राहात्याचा पेरू हंगामात स्वस्त असतो, बागाईतदाराला सांगितलं तर क्रेट देतो. पुडीतलं तळलेलं काही नको. वाटायचं काम पोरांकडेच दे, पाळीपाळीनं. शेंगदाणे समान वाटताना पहिलीतल्या पोराला भागाकार येतो.

मग खेळ. पहिला अर्धा तास कुणी काही शिकवायचं नाही. दिवसभर बाकावर बसलेलं अंग मोकळं होऊ दे. लगोरी, डबा ऐसपैस, विषामृत, आंधळी कोशिंबीर, सूरपारंब्या, लंगडी, आट्यापाट्या. या खेळांना चेंडू, फरशीचे तुकडे आणि फक्की एवढंच लागतं. खोखोचं पुरं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद, लहान पोरांची कबड्डी 11 बाय 8 मीटरमध्ये होते, पण मोजमाप नंतर. जागा असेल तेवढ्यात रेघा मार. खोखोचे नियम 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधले आणि 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या पुरुषांनी आणि बायकांनी दोघांनीही तो जिंकला. मुलींच्या संघाची कप्तान प्रियांका इंगळे आणि मुलांचा प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. ही गोष्ट पोरींना जरूर सांग. मातीवरच्या खेळातून माणूस कुठवर जातं ते त्यांना कळू दे.

मात्र केंद्राचा स्पर्धेचा कारखाना होऊ देऊ नकोस. तालुक्याला संघ पाठवायचा म्हटलं की चांगले बारा खेळतात आणि उरलेली तीस पोरं कडेला बसतात. ज्याला पळता येत नाही त्याच्यासाठीच आपण हे चालवतो आहोत. संघ करायचा असेल तर त्याचा सराव वेगळ्या वेळी.

खेळ झाला की गोल बसून गोष्ट किंवा गाणं. हे घडवून दाखवलंय आपल्याच माणसांनी. 1941 मध्ये राष्ट्र सेवा दल उभं राहिलं. संध्याकाळी मैदानावर शाखा, खेळ, कवायत, गाणी, मग थोडं बोलणं. सगळ्या जातींची पोरं एका रांगेत. साने गुरुजी अमळनेरला छात्रालयात होते तेव्हा मुलांसाठी रोज हातानं लिहून ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढत. ही एक गोष्ट तू उचल. एक काळा फळा दर्शनी भागात लाव आणि पोरांना त्यावर गावाची बातमी लिहू दे. कुणाची गाय व्याली, नदीला पाणी किती, कुणाकडे नवं बाळ. ज्यांना धड्यातलं वाचायचा कंटाळा आहे ती पोरं स्वतःच्या गावाची बातमी मान वाकडी करून वाचतात. वाचनालयात बालविभागाची पुस्तकं असतील तर कपाटाची किल्ली ताईकडे राहू दे. फाटली तर फाटली.

गृहपाठ किती घ्यायचा, हा प्रश्न आयांकडून येईल. त्यांना वाटतं ही फुकटातली शिकवणी. दिवसाचा अर्धा तास द्यावा, त्याहून जास्त नको. त्यातही इयत्ता बघू नये. सहावीतलं पोर अडखळत वाचत असेल तर तिसरीतल्यांबरोबर बसवायला लाजायचं नाही, फक्त त्याला कमीपणा वाटणार नाही असं बसवायचं, लहानाला वाचून दाखवायचं काम देऊन. ‘प्रथम’ संस्थेनं मुंबईच्या वस्त्यांपासून पुढे देशभर हेच दाखवलं, इयत्तेनं नाही तर येतं त्या पातळीनं गट केले की मुलं लवकर वाचू लागतात.

पोरींचं मी जरा जास्त बोलणार आहे. पहिल्या महिन्यात पोरं-पोरी सारख्याच येतील. चौथ्या महिन्यात बघ, दहा-अकरा वर्षांच्या वरच्या पोरी कमी झालेल्या असतील. कुणी त्यांना येऊ नको म्हटलेलं नसतं. शाळेतून आल्यावर पाणी भरायचं, धाकट्याला सांभाळायचं, चूल पेटवायची. यावर उपाय भाषणात नाही, व्यवस्थेत आहे. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलीस तरी चालेल, हे पहिल्या दिवशीच सांगायचं. एका कोपऱ्यात सतरंजी टाकून दोन-तीन वर्षांच्या लेकरांसाठी डबे, लाकडी ठोकळे, चिंचोके ठेवायचे आणि एक ताई तिथं बसवायची. म्हणजे पोरीचा हात मोकळा होतो आणि ती पळायला लागते. मोठ्या मुलांनी मैदान व्यापून टाकलं तर पोरी काठावर उभ्या राहतात. आठवड्यातले दोन दिवस अर्धं मैदान त्यांचंच ठेव, रेघ आखून. संडासाला आतून कडी, पाणी आणि झाकणाची कचरापेटी हवी. कडी नसल्यामुळे पोरी शाळासुद्धा बुडवतात, तुला मी काय सांगू, तू बाई आहेस. आणि आयांना महिन्यातून एकदा बोलव, संध्याकाळी सातला, कामं उरकल्यावर. पोरीला का पाठवत नाही असं विचारू नको. कोणत्या वेळी पाठवणं जमेल, ते विचार. उत्तरं निराळी येतात.

दुसरी पोरं जी तुझ्या यादीत नसतील ती ऊसतोडीची. दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात, बीड, आष्टी, पाटोदा, पाथर्डीकडून. त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या पडतात, मार्च-एप्रिलला परत जातात. प्रवरेचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केला, 1950 च्या सुमारास गाळप सुरू झालं, तेव्हापासून या पट्ट्याची भरभराट त्या तोडणाऱ्या हातांवर झाली आहे. पण त्यांची पोरं कोपीवर राहतात. आई-बाप पहाटे कोयते घेऊन फडात जातात, आठ-दहा वर्षांची पोरगी तान्ह्याला सांभाळते, भाकरी करते. ती पाचला शाळेतून येणारी नाहीच. तिच्यासाठी केंद्रानं कोपीपाशी जायचं. एक पत्र्याची पेटी कर, तीत गोष्टींची पुस्तकं, खडू, पाट्या, दोरी, चेंडू. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चारला, मुकादमाला आधी सांगून. मुकादमाला सोबत घेतलंस तर काम सोपं होतं. तू राग धरून गेलीस तर पेटी परत येईल.

तिथली पोरं महिन्याभरात रुळली की त्यांची नावं जवळच्या शाळेत घाल. गावाकडच्या शाळेचं शिक्षण हमी कार्ड असेल तर तपासायला मुख्याध्यापकांना सांग, नसेल तरी शाळा नाही म्हणू शकत नाही, शिक्षणाचा हक्क पोराचा आहे, गावाचा नाही. शनिवारच्या मोठ्या बैठकीला कोपीवरची आणि गावातली पोरं एकत्र आण. एकमेकांचे खेळ शिकू दे. त्यांच्याकडे असे काही खेळ असतात जे आपण विसरलो. आणि गावातल्या कुणी तोंड वाकडं केलं तर पुढे होऊन तू बोल, ताईवर ढकलू नको. ते काम निवडून आलेल्या माणसाचं.

व्यसनाचंही एक बोलून टाकतो, कारण सातवी-आठवीतल्या पोरांच्या खिशात पुड्या सापडायला लागल्यात. आइसलँड नावाचा लहान देश आहे, वरच्या टोकाला. तिथं 1998 मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांतली 42 टक्के मुलं मागच्या महिनाभरात दारू पिऊन झिंगलेली होती. 2016 मध्ये ते प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. नुसत्या उपदेशानं आलं नाही. पालिकांनी प्रत्येक मुलाच्या खेळ-गाण्याच्या वर्गाला पैसे दिले, आई-बापांनी आपसांत ठरवलं की रात्री पोरं बाहेर ठेवायची नाहीत आणि मुलांना दरवर्षी प्रश्न विचारून परिस्थिती मोजली. आपल्याकडे मोठ्या पोरांना केंद्रात ठेवायचं असेल तर त्यांना काम दे. टोळी घरी पोचवणं, फक्कीनं मैदान आखणं, पेटी सांभाळणं. चौदा वर्षांच्या पोराला लहानांबरोबर खेळ म्हटलं तर तो येत नाही, लहानांना खेळव म्हटलं तर येतो.

एक वही कर, साधी. प्रत्येक मुलाचं नाव, आईचा फोन, दमा-फिट असलं काही, कोण न्यायला येतं. रोज आला का, घरी पोचला का. बाकीचे तक्ते तुला वरून भरायला सांगतील, ते भर, पण ही वही मोडू देऊ नको. सलग तीन दिवस पोर आलं नाही तर ताई त्याच्या घरी जाईल, एवढा नियम. शाळासुद्धा हे करायची, पूर्वी.

लोकवर्गणी घेताना जपून घे. घरटी वर्षाला थोडी वर्गणी असावी, अगदी पन्नास रुपये का होईना, म्हणजे लोक विचारायला येतात की आमच्या पैशाचं काय चाललंय. ते विचारणं हवंच. पण देणाऱ्याची पाटी भिंतीवर लावायची नाही. कुणाच्या वाढदिवसाला वह्यावाटप, कुणाच्या फोटोचा फलक, हे एकदा सुरू झालं की दुसऱ्या गटाची माणसं आपली पोरं पाठवायची बंद करतात. निवडणुका येतील, जातील, तूही पाच वर्षांनी नसशील कदाचित. म्हणून केंद्र तुझ्या नावावर चालवू नको, ग्रामविकास समितीच्या नावावर चालव, ग्रामसभेच्या ठरावानं. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आराखड्याची चर्चा सुरू होते, त्याआधी बालसभा घे आणि पोरांनाच काय हवंय ते सांगू दे. मागे एकदा मी मुलांना विचारलं तेव्हा घसरगुंडी एकानंही मागितली नाही. त्यांना सावली हवी होती, पिण्याचं पाणी हवं होतं आणि मोठी मुलं मारणार नाहीत याची खात्री.

संमतीसाठी मुख्याध्यापकांकडे जाशील तेव्हा ठरावाची प्रत, हिशेबाचा कागद आणि निवडलेल्या दोन्ही तायांना बरोबर ने. त्यांना दारात उभं करून बोलू नको, खुर्चीवर बसव, त्यांच्याच तोंडून सांगू दे. सुरुवात जूनच्या शाळेच्या गडबडीत करू नको, जुलैच्या पहिल्या आठवड्यात कर. पावसात व्हरांड्यात गोष्टी चालतात आणि ताईला मुलांची नावं पाठ करायला तेवढा वेळ मिळतो. पहिले पंधरा दिवस वीसच मुलं घे. जास्त आली तर त्यांच्या आयांची नावं लिहून ठेव आणि ऑगस्टमध्ये बोलावते म्हण, बोलाव मात्र नक्की.